तिच्या हातचं बियाणं

नवेगाव बांधची मासळी घेऊन सुंदरा दर आठवड्याला छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, गोंदियाला येते आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी टोपली मांडून बसते. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, त्यामुळे तिचं-माझं बोलणं कधी नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. त्या दिवशी चैत्राच्या उन्हात ती टोपली तशीच सोडून आमच्या फाटकाशी आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "गुरुजी, ते तुमची पाहुनी, सायत्राबुढी... गेली जी. परवा तेरवी हाय." मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "अकरा दिस झाले. कोनी सांगला नाई का तुमाले?" कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगावं तरी का? मी तिचा ना नातलग, ना जातभाई. टोपलीपाशी गिऱ्हाईक आलं म्हणून सुंदरा परत गेली आणि मी फाटकाची कडी हातात धरून तिथेच उभा राहिलो. बायकोने आतून दोनदा हाक मारली. रडू आलं नाही. एक काम करायचं राहिलं आणि आता ते ज्या माणसासाठी करायचं तेच उरलं नाही, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

सायत्राबाई कोण, हे वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. सौंदड स्टेशनापासून बैलगाडीने तासा-दोन तासांच्या वाटेवर, एका तलावाच्या पाळीखाली वसलेल्या खेड्यातली ती एक विधवा शेतकरीण. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचो. लिहिताना मात्र ‘ती’ असंच येतंय, तर येऊ देतो. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण या हकिकतीत जो दोष आहे तो गावाचा नाही. या पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडे खरं तर दुसराच लेख मागितला होता. पूर आला, आग लागली, पटकीची साथ आली की आमच्या गोंदियात ‘गुरुजींना बोलवा’ म्हणायची पद्धत पडली आहे. आता स्वराज्य दाराशी आलंय, गावोगाव सेवादलं निघताहेत, तेव्हा नव्या पोरांसाठी मदतकार्याच्या अनुभवाचे चार शब्द लिहा, असं त्यांचं पत्र होतं. चार शब्द मी लिहिलेही होते. त्यात ‘निरपेक्ष’, ‘समभाव’ वगैरे सगळं होतं. तेरवीहून आल्यावर ते कागद फाडले आणि त्यांच्या जागी हे लिहायला बसलो.

बारा वर्षांपूर्वीचा आषाढ. तीन दिवस पाऊस उघडला नाही आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या तलावाची पाळ फुटली. दिवसाढवळ्या फुटली म्हणून माणसं वाचली, पण गुरं गेली, घरं बसली, धान्याच्या ढोल्या वाहून गेल्या. त्याहून मोठं नुकसान आम्हा शहरवाल्यांना आधी दिसलंच नाही. धानाच्या शेतीत आधी एका तुकड्यात दाट पेरून रोपं तयार करतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. ते वीतभर झाले की उपटून बांधीत, म्हणजे शेतात, रोवतात. गावाचे सगळे पऱ्हे पाण्याबरोबर गेले होते. पुन्हा पेरायला घरात दाणा नव्हता आणि आषाढ सरत आला होता. आठ-दहा दिवसांत बियाणं मिळालं तर वर्ष हाती लागणार, नाही तर नाही.

गोंदियात आम्ही मदत मंडळ काढलं. मी नुकताच हेडमास्तर झालो होतो, अंगावर खादी होती, आणि आपल्याला सगळं कळतं अशी समजूत होती. दोन वेळा भात खाणारा, चहूबाजूंनी राईस मिलचे भोंगे ऐकत वाढलेला मी. पण धानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मिलवाल्यांनी तांदळाची पोती दिली, कापडवाल्यांनी लुगडी दिली, घराघरातून कपडे आले. ते देणं मनापासून होतं, हे मला आजही सांगायला हवं. एका म्हाताऱ्या शेठजींकडे मी बियाण्यासाठी धान मागायला गेलो तेव्हा त्यांनी हात जोडले. "मास्टरजी, चावल जितना चाहिए ले जाओ. पर बीज का धान हमसे मत लो, हमारे यहाँ तो सब मिला-जुला है. बीज गाँव से लो, किसान के घर से." मला ते टाळणं वाटलं. बाहेर पडताना मी सोबतच्या मंडळींना म्हणालोही, की शेठजींचा हात धानापाशी आखडला. माणूस किती साधं, किती खरं बोलत होता, ते कळायला मला अश्विन उजाडला.

बियाणं अखेर आम्ही गावांतूनच गोळा केलं. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यापासून सुरुवात केली आणि पुढे खेड्याखेड्यातून बंडी, म्हणजे बैलगाडी, फिरवली. दारासमोर बंडी थांबली की आतून बाई यायची आणि पुढच्या वर्षासाठी जपलेल्या बियाण्यातलं पायली-दोन पायली फडक्यात बांधून द्यायची. गाठ मारली की ती घरात वळायची, आढ्याला टांगलेल्या जुडीतून धानाची एक लोंब उपटून आणायची आणि त्या गाठीत खोचायची. प्रत्येक घरी हेच. मी ते पाहून भारावून गेलो. काय ही श्रद्धा, दान देतानासुद्धा लक्ष्मीची खूण ठेवतात, असं मनात म्हणत मी एकेक गाठोडं कपाळाला लावून बंडीत ठेवत होतो. लोंब कशाला, असं एकाही बाईला विचारावंसं मला वाटलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. सूर्य कुठे उगवतो हे कोणी कोणाला सांगत नाही.

ते बियाणं छोट्या गाडीने सौंदडला आणि तिथून चिखल तुडवत गावात पोचलं. पण तिथे आदल्या आठवड्याचं भांडण आमच्या आधी येऊन बसलं होतं. लुगडी वाटली तेव्हा कोणाला रुंद काठाचं गेलं, कोणाला विटकं गेलं, आणि पाटलाच्या आळीला चांगली दिली अशी कुरबूर झाली होती. ती माझ्या फार जिव्हारी लागली होती. या वेळी बोट ठेवायला जागा ठेवायची नाही असं मी ठरवलं. शाळेच्या पडवीत मी सगळी गाठोडी सोडायला लावली आणि सांगितलं, एकच रास करा. हे धान कुडव्याचं नाही, ह्याचं नाही, त्याचं नाही, सगळ्यांचं आहे. प्रत्येक घराला ह्याच राशीतून सारखं माप मिळेल. हे बोलताना माझा आवाज भरून आला होता. स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या.

गावाच्या वतीने बियाणं पाहायला सुकडू पाटलांनी सायत्राबाईला पाठवलं होतं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीची, काटक, उंच बाई. बोटं लांब आणि नखं मातीने काळी. गावात बियाण्याचं सगळं तिच्या हातात असे, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्यात अकितीचा सण आला, म्हणजे अक्षय तृतीया आली, की घराघरातलं बियाणं तिच्यापुढे यायचं. ती दाणा दाताखाली फोडायची, ओंजळ पाण्यात सोडायची, आणि हे ठेवा, हे खाऊन टाका, असं सांगायची. मुहूर्ताची पहिली मूठ तिच्या हातची असायची. त्या दिवशी ती पडवीच्या खांबाशी उभी होती. अंगावर आम्हीच दिलेलं कोरं लुगडं, घडीच्या रेषा अजून न मोडलेलं. मी एकेका गाठीतली लोंब उपटून बाजूला ठेवत होतो आणि धान राशीत ओतत होतो. पिवळट, तांबूस, काळ्या टोकाचं, असं धान एकावर एक पडत होतं, ते मला फार सुंदर दिसलं. काढलेल्या लोंब्यांचं मी मुलांकडून तोरण करवून शाळेच्या दाराला लावलं. तिच्याकडे वळून विचारलं, "काय बाई, कशी झाली रास?" ती राशीकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बेस हाय जी." मी तो आशीर्वाद समजलो.

गोंदियात आमचा सत्कार झाला. मी ‘एक रास, एक गाव’ असं भाषण केलं आणि ते लोकांना आवडलं. अश्विनात नागपूरहून दोन पाहुणे आले, त्यांना आपलं काम दाखवावं म्हणून मी त्यांना घेऊन गावात गेलो. पाळीवरून खाली पाहिलं आणि माझे पाय थांबले. शेती मला कळत नव्हती, तरी हे बरं नाही एवढं कळलं. एकेका बांधीत अर्धं पीक पिवळं होऊन, पिकून, खाली वाकलं होतं आणि त्याच चिखलात, त्याच मुठीतून रोवलेलं दुसरं अर्धं हिरवंगार उभं होतं, पोटरीतसुद्धा न आलेलं. पिवळ्यातले दाणे वाऱ्याने गळत होते आणि खाली पाखरांचे थवे बसले होते. गावातलं एकही शेत याला अपवाद नव्हतं. पाहुणे म्हणाले, "वा, काय रंग आहेत."  आजही अश्विनात गाडीने जाताना मी खिडकीशी बसतो आणि बाहेरचं धान एका रंगाचं आहे का, ते पाहत राहतो. बायको म्हणते, डोळे मिटून स्वस्थ बसा. डोळे मिटले तर तेच दिसतं.

सायत्राबाई तिच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली होती. मी पाहुण्यांना पाटलांकडे चहाला पाठवलं आणि तिच्याजवळ गेलो. "हे काय झालं?" तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "हलका अन भारी, दोन्ही धान एकाच बांधीत पडला जी. हलका म्हनते मले आता काप. भारी म्हनते अजून दोन महिने थांब." मी म्हटलं, "मग आता?" "आता का. हलक्यासाठी कापला तं भारी हिरवाच मरते. भाऱ्यासाठी थांबला तं हलका मातीत जाते. अन हा तलाव फुटला, भाऱ्याले पानी कोठून आननार? भारी तं औंदा पेराचाच नोवता." मग तिने ते सांगितलं जे आमच्या मंडळात एकालाही ठाऊक नव्हतं. गाठीत खोचलेली लोंब म्हणजे त्या धानाची ओळख. दाणा सुटा पाहिला तर चांगला जाणकारही फसतो. लोंब पाहिली की लवकर पिकणारं हलकं कोणतं, उशिरा पिकणारं भारी कोणतं, वासाचा चिनोर कोणता, हे लहान पोरही सांगतं. कुडव्यापासूनच्या त्या सगळ्या बाया आम्हाला नीट सांगत होत्या आणि मी त्यांचं सांगणं उपटून दाराला टांगलं होतं. एव्हाना चिमण्यांनी त्या तोरणाच्या नुसत्या काड्या ठेवल्या होत्या.

 मी म्हणालो, "तुम्ही तिथेच उभ्या होत्या. तुम्हाला दिसत होतं. मग काऊन नाही बोललात?" घाबरलो की माझ्या तोंडी आमच्या भागातलं बोलणं येतं. तिने आपल्या लुगड्याचा पदर दोन बोटांत धरला. "हा तुमचा लुगडा आंगावर होता जी. त्याच्या घडीच्या रेघा बी मोडल्या नोवत्या. कोन्या तोंडानं बोलू?" दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, ही म्हण मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिली होती. तिचा अर्थ मला त्या धुऱ्यावर कळला. घेणाऱ्याचं तोंड आपण दिलेल्या वस्तूनेच बंद होतं, आणि देणाऱ्याला वाटतं की तो समाधानाने गप्प आहे.

पुढे व्हायचं तेच झालं. कोणी हलक्यासाठी कापलं, कोणी भाऱ्यासाठी थांबलं, आणि दोघांच्याही हाती तनस, म्हणजे पेंढाच, जास्त लागला. पौषात आम्ही पुन्हा तांदळाची पोती घेऊन गेलो. मीच हट्टाने गेलो. मला झोप लागत नव्हती. गावाने आम्हाला ओवाळलं, पाटलांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि बियाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, त्यांनी नशिबावर ढकललं असेल. ढकललं होतं, पण नशिबावर नाही. त्या उन्हाळ्यात अकिती आली तेव्हा एकाही घराने सायत्राबाईपुढे बियाणं नेलं नाही. तिला बियाणं पाहायला पाठवलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत धान एक झालं, ती गप्प बसली, तेव्हा गाव बुडालं ते तिच्या हाताने, असा निवाडा झाला. पहिली मूठ दुसऱ्याच बाईने टाकली. मुहूर्ताच्या वेळी सायत्राबाई दाराबाहेर आली तर बाया टोपल्यांवर पदर टाकू लागल्या, तिची नजर पडू नये म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि चोराच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

तिचा एकुलता एक मुलगा बिसन आणि सून त्याच वर्षी चहाच्या मळ्यांत मजूर नेणाऱ्या माणसाबरोबर आसामात गेले. अन्न नव्हतं हे तर खरंच, पण ती मला एकदा म्हणाली होती, "पोराले गावात मान वर करता नाई ये जी." तिकडून एक पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. ते वाचून घ्यायला ती पहिल्यांदा आमच्या घरी आली. पोचलो, पाऊस फार आहे, बायकोला ताप आहे, एवढाच मजकूर. त्यानंतर पत्र आलं नाही. ती मात्र वर्षातून दोनदा यायची, सकाळच्या गाडीने, आणि आमच्या ओसरीवर बसायची. माझ्या नावाने पाठवलं तर पत्र चुकणार नाही असं मीच तिला सांगितलं होतं. मी आसामात तीन-चार ठिकाणी लिहिलं, उत्तरं आली नाहीत. ती यायची, "आला का जी?" विचारायची, मी मान हलवायचो, आणि मग आमच्या घरात कामाला लागायची. बायको तांदूळ निवडायला बसली की ती सूप आपल्याकडे ओढायची. खडे, कोंडा केव्हाच निघालेले असायचे, तरी तिची बोटं चालत राहायची. आखूड दाणा इकडे, लांब दाणा तिकडे. अर्ध्या तासाने सुपात दोन ढीग तयार झालेले असायचे. बायको हसून म्हणायची, "अहो सायत्राबाई, शिजवून एकच भात व्हायचाय." ती हसायची नाही. मी खोलीत जाऊन वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो आणि त्या बोटांचा आवाज ऐकत बसायचो.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. लढाई सुरू होती. ती आली, सूप ओढलं, आणि थोड्या वेळाने माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "गुरुजी, एक काम होता. तुमी एकडाव गावात येऊन सांगान का जी? का सायत्रानं धान एक नाई केला. बस, येवढाच. तुमचा आयकतेत ते लोक." मी लगेच म्हणालो, "येतो ना. दिवाळी होऊ द्या, येतो." ती "हव जी" म्हणाली आणि गेली. दिवाळी झाली. मग परीक्षा आल्या. मग कंट्रोलचं धान्य वाटायची समिती माझ्याकडे आली. कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण ती नव्हती. मला भीती वाटत होती. जिथे मला हार घातले, तिथे उभं राहून ‘तुमचं वर्ष मी बुडवलं’ असं म्हणायचं, ही भीती. तिने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या खेपेला मीच म्हणालो, "यंदा नक्की येतो." तीच म्हणाली, "हव जी. सवडीनं या." तिच्या आवाजात राग असता तर मी कदाचित गेलो असतो. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय झाली होती. खाली उतरायचं म्हटलं की हेडमास्तरांना सवड नसायची. शेवटची दोन वर्षं तिचं येणंही थांबलं होतं. गुडघे गेले होते, असं सुंदरा आता सांगते. मी चौकशी केली नव्हती.

तेरवीला मी गेलो. मांडव पाटलांच्या अंगणात होता. बिसन नाही, म्हणून दिवसकार्य गावाने केलं होतं. तेवढं गावाने केलं. मला पाहताच सगळे उठले. चारपाई आणली, तिच्यावर कोरी चादर घातली, हातपाय धुवायला पाणी दिलं. पहिल्या पंगतीत पहिली पत्रावळ माझी. मी बसलो नाही. उभा राहिलो आणि जे पाच वर्षांपूर्वी, बारा वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते बोललो. त्या आषाढात धान एक मी केलं. लोंब्या मी काढल्या. सायत्राबाईने काही केलं नाही.  बोलून झालं. वाढणारी माणसं हातातली भांडी धरून उभी होती. सुकडू पाटील आता पार थकलेत. ते भिंतीचा आधार घेत माझ्याजवळ आले आणि मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाले, "बसा जी. आमाले ठाऊक होता. त्याच दिसापासून ठाऊक होता."

"मग तिला का?" मी विचारलं. "बारा वर्षं तिला का?"

पाटील माझ्या शेजारी टेकले. "तुमाले बोललो असतो तं तुमी पुन्हा आले असते का जी? पुसात पोरं उपाशी होती. तांदूर तुमीच आनला. आमाले तं कोनाले तरी बोलाचा होता, नाई तं जीव कसा राहते? तुमाले बोलाची सोय नोवती. बुढीले कोठी जाचा होता? ते तं गावातच राहनार होती." एवढं बोलून ते वाढप्याला म्हणाले, "गुरुजीले पहिले वाढ." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गिळता आला असता. मी त्या पत्रावळीवर काय जेवलो, मला आठवत नाही.

जेवणं झाल्यावर मी तिचं घर पाहायला मागितलं. दोन खोल्यांचं घर, चूल थंड, आतल्या खोलीला खिडकी नाही. दार उघडलं तसा उजेड आत गेला आणि मला भिंतीवर खुंट्या दिसल्या, ओळीने, छातीच्या उंचीवर. प्रत्येक खुंटीला तनसाच्या दोराने बांधलेलं एकेक पुडकं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी लोंब. डावीकडे हलकं, उजवीकडे भारी, हे मला आता ओळखता येतं. पाटलांची सून मागे उभी होती. ती म्हणाली, "बाडीत पेरे जी हरेक साली. तुकडा-तुकडा येगळा. कापे, निवडे, अन अकिती आली का दारात मांडून बसे." मी विचारलं, "कोणी न्यायचं का?" ती खाली बघत म्हणाली, "कोनी नेत नोवता." नेलं नाही की पाऊस पडल्यावर ती तेच पुन्हा आपल्या बाडीत, म्हणजे परसात, पेरी, म्हणजे पुढच्या अकितीला दारात मांडायला नवं बियाणं असे. बारा वर्षं. खोलीत धानाचा वास भरला होता आणि त्या वासात तिथे आम्हा दोघांखेरीज तिसरं कोणी उभं आहे, असं मला सारखं वाटत राहिलं. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

अकिती पंधरा दिवसांवर होती. ही पुडकी यंदा पेरली नाहीत तर मरणार, एवढं धान आता मला कळतं. मी एक पुडकं खुंटीवरून काढलं, बाहेर आणलं आणि पाटलांपुढे धरलं. म्हटलं, "हे घ्या. हलकं आहे. निर्मळ आहे." पाटलांनी दोन्ही हात पुढे केले, पुडकं घेतलं आणि कपाळाला लावलं. मग त्यांच्या मागे एक बाई आली, तिच्यामागे दुसरी. मी आत जात होतो, एकेक पुडकं काढत होतो, हलकं-भारी सांगून देत होतो. बाया पदर पसरत होत्या. एकीने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "लय उपकार झाले जी, गुरुजी." मी म्हणालो, "हे माझं नाही. सायत्राबाईचं आहे. तिच्या हातचं आहे." "हव जी," ती म्हणाली, आणि माझ्या हातून घेतलं. सगळ्यांनी घेतलं. संध्याकाळची गाडी धरायची म्हणून मी खोलीचं दार ओढून घेतलं तेव्हा आत फक्त खुंट्या उरल्या होत्या.